मीरा डोळ्यांना दिसेना, ॲपमध्ये ६.५ प्रत आणि फोटोत मात्र ठसठशीत, असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मागे एकदा तिमिंगल तारकासमूहाच्या मानेत तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी एक लालसर तारा दिसला, ॲपने सांगितलं हा मीरा, मग चार-पाच महिन्यांनी त्याच जागी बघितलं तर काहीच नाही, बायनॉक्युलरमधूनही नीट खात्री होईना. ॲप मात्र तेव्हाही ६.५ प्रत दाखवत होतं आणि आताही ६.५ च दाखवतंय (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा, तो जितका लहान तितका तारा तेजस्वी). आणि त्याच रात्री मित्राच्या बिनफिल्टरच्या मोनोक्रोम कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत तोच तारा आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा ठळक. मग खरी प्रत कोणती, आणि हा तारा खरंच हजार पट मंदावतो का?

आधी सरळ उत्तर देतो. तुमचा डोळा बरोबर आहे आणि कॅमेराही बरोबर आहे, चुकीचं आहे ते ॲप. आणि नाही, तारा हजार पट मंदावत नाही, त्याची एकूण ऊर्जा साधारण दोन-अडीच पटींनीच कमीजास्त होते. डोळ्यांना दिसणारा फरक मात्र शेकडो पटींचा असतो, कधी हजार पटींच्याही पुढे जातो. या दोन आकड्यांमध्ये एवढी दरी का आहे ते कळलं की मीराचं जवळजवळ सगळं कळलं, म्हणून मी जरा सविस्तर लिहितोय. वीसेक वर्षं हा तारा बघतोय, त्यामुळे थोडं लांबेल.

ॲपचं आधी मिटवू. बहुतेक आकाश-ॲपमध्ये ताऱ्यांची यादी कुठल्यातरी कॅटलॉगमधून उचललेली असते आणि तिथे प्रत्येक ताऱ्याला एकच आकडा असतो. रूपविकारी म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या ताऱ्याला असा एकच आकडा देऊन भागत नाही. ६.५ ही मीराची सरासरी म्हणून ठीक आहे, पण प्रत्यक्षात एका आवर्तनात तो त्या प्रतीवरून दोनदाच जातो, एकदा चढताना आणि एकदा उतरताना, आणि चढताना तर इतक्या वेगात जातो की दहा-पंधरा दिवसांत एखादी प्रत बदलून जाते. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ ॲपचा आकडा चूकच असतो.

आता ताऱ्याकडे येऊ. ओमिक्रॉन सेटी हे त्याचं रीतसर नाव, मीरा हे लॅटिन विशेषण, अर्थ अद्भुत, आपल्या मीरेशी त्याचा काही संबंध नाही. आवर्तनकाल सरासरी ३३२ दिवस. सर्वाधिक तेज बहुतेक वेळा ३ ते ४ प्रतीच्या आसपास, कधीतरी २ पर्यंत जातो, २००७ च्या फेब्रुवारीत असा गेला होता, आणि कधीकधी बिचारा पाचव्या प्रतीच्या जवळच थांबून परत फिरतो. किमान तेज साधारण ९ च्या पुढे, १० पर्यंत. प्रतीचा हिशेब माहीतच असेल, ५ प्रतींचा फरक म्हणजे १०० पट, म्हणजे ३ वरून ९ वर जाणं म्हणजे साधारण २५० पट, आणि २ वरून १० वर जाणं म्हणजे जवळजवळ १६०० पट. तुम्ही जो हजार पट म्हणताय तो इथून आला, आणि दृश्य प्रकाशापुरता तो खराच आहे.

प्रकाशवक्र, म्हणजे दिवसांसमोर तेज मांडलेला आलेख, काढला तर तो सारखा चढउताराचा नसतो. चढण खडी, साधारण चार महिन्यांची किंवा त्याहून थोडी कमी, आणि उतरण लांब, सात महिन्यांची. उतरताना कधी मध्येच जरा रेंगाळतो. आणि एक आवर्तन दुसऱ्यासारखं कधीच नसतं. सेफीड जातीचे तारे घड्याळासारखे असतात, डेल्टा सेफी ५.३६६ दिवसांनी तोच वक्र हुबेहूब परत काढतो, मीराचं तसं नाही. पुढचं कमाल तेज कधी येईल हे आठवडा-दोन आठवड्यांच्या फरकाने सांगता येतं पण ते २.५ असेल की ४.५ हे आधी कोणीही सांगू शकत नाही. माझ्या मते या ताऱ्यात मन गुंतून राहतं ते याच कारणाने.

अजून एक व्यावहारिक गोष्ट. ३३२ हे ३६५ पेक्षा ३३ ने कमी, म्हणजे कमाल तेज दरवर्षी साधारण महिनाभर आधी येतं. मीरा खगोलीय विषुववृत्तापासून जेमतेम ३ अंश दक्षिणेला आहे म्हणून जगात जवळपास सगळीकडून दिसतो, पण मार्चअखेरपासून जूनपर्यंत तो सूर्याच्या इतका जवळ असतो की नीट निरीक्षण होत नाही. त्यामुळे अकरा वर्षांच्या फेऱ्यात ओळीने दोन-तीन वर्षं अशी येतात की कमाल तेज सूर्याच्या उजेडातच निघून जातं आणि नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला वाटतं की तारा संपला. तुम्हाला पहिल्यांदा दिसला ती वर्षं चांगली होती एवढंच समजा.

थोडा इतिहास सांगतो, कारण तुमचा गोंधळ आणि चारशे वर्षांपूर्वीचा गोंधळ एकच आहे. डाविड फाब्रिसियस नावाच्या एका जर्मन पाद्र्याने १५९६ च्या ऑगस्टमध्ये एका ग्रहाची जागा मोजण्यासाठी तुलनेला म्हणून हा तारा घेतला. तो काही दिवसांत तिसऱ्या प्रतीवरून दुसऱ्यावर गेला, मग ऑक्टोबरपर्यंत दिसेनासा झाला. त्याला वाटलं हा नवतारा, आला आणि गेला. पुढे १६०३ मध्ये बायरने आपल्या नकाशात त्याच जागी चौथ्या प्रतीचा तारा काढून त्याला ओमिक्रॉन अक्षर देऊन टाकलं, हा तोच नवतारा आहे याची कल्पना नसताना. १६०९ मध्ये फाब्रिसियसला तो परत दिसला. तो ठरावीक काळाने येतो-जातो हे लक्षात यायला १६३८ उजाडलं, होल्वार्डाने साधारण अकरा महिन्यांचा काळ काढला. हेव्हेलियसने १६६२ मध्ये मीरा हे नाव रूढ केलं आणि १६६७ मध्ये बुल्योने ३३३ दिवस सांगितले, म्हणजे आजच्या आकड्याला अक्षरशः टेकलेलं उत्तर, तेही फक्त डोळ्यांच्या नोंदींवरून. बुल्योचं स्पष्टीकरण मात्र वेगळं होतं, ताऱ्याची एक बाजू काळवंडलेली असून तो स्वतःभोवती फिरतो असं त्याला वाटत होतं. आज हे चूक आहे हे माहीत आहे, पण त्या काळात सूर्यावरचे डाग नुकतेच कळले होते, तेव्हा ते तसं सुचणं स्वाभाविक होतं.

आता मुख्य मुद्दा. मीरा स्पंदन करतो, म्हणजे त्याचं बाहेरचं आवरण फुगतं आणि आक्रसतं. हा तांबडा राक्षसी तारा आहे, वस्तुमान सूर्याच्या आसपासचं, थोडं जास्त धरा, पण त्रिज्या सूर्याच्या तीनशे-चारशे पट. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी आतच, आणि पृष्ठभाग साधारण मंगळाच्या कक्षेपर्यंत. एवढ्या जागेत एवढंच द्रव्य पसरलं म्हटल्यावर सरासरी घनता काढून बघा, आपण श्वास घेतो त्या हवेपेक्षा हजारो पटींनी विरळ. आणि स्पंदनाचा काळ घनतेवर ठरतो. घनतेचं वर्गमूळ गुणिले आवर्तनकाल हे एकाच प्रकारच्या स्पंदनासाठी साधारण स्थिर येतं, घट्ट तारा भराभर थरथरतो, विरळ तारा सावकाश.

याचं उदाहरण तिथेच शेजारी आहे आणि ते मला फार आवडतं. मीरा शोधताना आपण ज्या डेल्टा सेटीवरून खाली उतरतो, मीरापासून सहा-एक अंशांवर, तो स्वतःही स्पंदन करणारा तारा आहे, निळा, घट्ट, बीटा सेफी जातीचा, आणि त्याचं आवर्तन ३ तास ५२ मिनिटांचं. तेजातला बदल काही शतांश प्रतींचा, डोळ्याला मुळीच समजत नाही, म्हणून तर तो तुलनेला चालतो. एकाच बायनॉक्युलरच्या एक-दोन झोक्यांत दोन स्पंदनशील तारे, एक चार तासांत श्वास घेतो आणि दुसरा अकरा महिन्यांत.

हे स्पंदन चालू का राहतं? नुसता धक्का दिलेला झोपाळा थोड्या वेळाने थांबतो, तसा तारा थांबत का नाही? कारण आवरणात एक थर असा असतो जिथे वायू दाबला गेला की तापण्याऐवजी बरीचशी ऊर्जा अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करण्यात खर्च होते, थराची अपारदर्शकता वाढते, आतून येणारी उष्णता अडते, साठते, आणि योग्य वेळी बाहेरच्या थरांना ढकलते. सेफीडमध्ये हे काम मुख्यतः हीलियमचं, मीरासारख्या थंड ताऱ्यात हायड्रोजनचं. त्यात मीराच्या आवरणात उकळत्या पाण्यासारखं जोरदार अभिसरण चालू असतं, ते स्पंदनात ढवळाढवळ करतं, म्हणून दोन आवर्तनं सारखी निघत नाहीत.

पण बघा, नुसतं फुगणं-आक्रसणं धरलं तर २५० पटींचा फरक येत नाही. मग तो येतो कुठून?

पहिलं कारण तापमान. मीराचा पृष्ठभाग ३००० केल्विनच्या आसपास, किमान तेजाच्या वेळी आणखी खाली. एवढ्या तापमानाला बहुतेक सगळा प्रकाश अवरक्तात, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये बाहेर पडतो, जास्तीत जास्त भर १ मायक्रॉनच्या आसपास आणि पुढे. आपला डोळा ०.५५ मायक्रॉनच्या आसपास बघतो, म्हणजे आपल्याला दिसतं ते त्या डोंगराच्या खड्या उताराचं टोक. या उतारावर तापमान जरा घसरलं तरी दिसणारा प्रकाश प्रचंड घसरतो. समजायला एक हिशेब करा: तापमान ३००० वरून २४०० वर आलं, म्हणजे पाचवा हिस्सा कमी झालं. एकूण ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घातावर जाते, ती दर चौरस मीटरला साधारण २.४ पटच कमी झाली, त्यातही तारा फुगलेला असेल तर पृष्ठभाग वाढल्यामुळे अजून भरपाई. पण ०.५५ मायक्रॉनवर तोच फरक जवळजवळ ९ पट येतो. म्हणजे तारा थोडा थंड झाला आणि डोळ्याला नऊ पट अंधार. बाकीचा प्रकाश नाहीसा झालेला नाही, तो फक्त डोळ्याला न दिसणाऱ्या रंगात सरकलाय.

दुसरं कारण याहून जोरदार आहे. इतक्या थंड वातावरणात रेणू टिकतात, त्यातला टायटॅनियम ऑक्साइड हा खरा कारभारी. त्याचे शोषणपट्टे नेमके दृश्य प्रकाशात बसतात, आणि तारा जसा थंड होतो तसे ते भराभर जाड होत जातात. वर्णपट बघितला तर कमाल तेजाला एम ५ च्या आसपासची जात असते आणि किमान तेजाला एम ९ पर्यंत (एम ही थंड लाल ताऱ्यांची जात, आकडा वाढला की तारा आणखी थंड), हिरव्या-पिवळ्या भागाचे अक्षरशः तुकडे पडलेले दिसतात. खिडकीतला दिवा थोडा मंद केला आणि वर जाड पडदाही ओढला असं समजा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दिवा गेलाच.

हे नुसतं तर्काने नाही तर मोजून सिद्ध झालेलं आहे. पेटिट आणि निकल्सन यांनी माउंट विल्सनच्या मोठ्या दुर्बिणीला थर्मोकपल, म्हणजे उष्णता मोजणारं उपकरण, लावून अशा ताऱ्यांची उष्णताच मोजली आणि १९३३ मध्ये ते आकडे छापले. डोळ्यांना पाच-सहा प्रतींचा फरक दिसतोय तिथे एकूण किरणोत्सर्गातला फरक साधारण एका प्रतीचा निघाला, म्हणजे अडीच पट. २.२ मायक्रॉनच्या अवरक्तात बघितलं तर मीरा उणे अडीच प्रतीच्या आसपास असतो, म्हणजे अख्ख्या आकाशातल्या सर्वात तेजस्वी ताऱ्यांमध्ये, आणि डोळ्यांना तो पूर्ण हरवलेला असतो तेव्हाही तिथे तो तसाच झळकत असतो. अवरक्तातली कमाल दृश्य कमालीच्या थोडी नंतर येते हेही लक्षात ठेवण्यासारखं.

तुमच्या मित्राच्या कॅमेऱ्याचं कोडं इथे सुटलं. सिलिकॉनचा सेन्सर जवळजवळ १ मायक्रॉनपर्यंत बघतो. साध्या डीएसएलआरमध्ये अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते, पण मोनोक्रोम कॅमेरा फिल्टरशिवाय वापरला तर तो हे सगळं आत घेतो. त्यामुळे डोळ्यांना नवव्या प्रतीचा असलेला मीरा त्याला कितीतरी जास्त तेजस्वी दिसतो. त्या फोटोवरून काढलेल्या प्रतीला काही अर्थ नाही, निदान मीरासारख्या ताऱ्याच्या बाबतीत तरी. निळ्या-पांढऱ्या ताऱ्यांवर चूक लहान राहते म्हणून ती लक्षात येत नाही, लाल ताऱ्यावर ती उघडी पडते.

वर्णपटात अजून एक सुंदर गोष्ट दिसते. कमाल तेजाच्या आसपास हायड्रोजनच्या रेषा शोषणात न दिसता चमकत्या दिसतात. एवढ्या थंड ताऱ्यात हायड्रोजन चमकायला हवाच कशाला? कारण प्रत्येक स्पंदनाबरोबर एक आघात तरंग, म्हणजे शॉक वेव्ह, आतून बाहेर धावतो, वर गेलेले थर खाली पडत असतात, आणि ते एकमेकांवर आदळतात तिथे वायू क्षणभर प्रचंड तापतो. आणि गंमतीचा भाग पुढे आहे: प्रयोगशाळेत हायड्रोजनची अल्फा रेषा सर्वात ठळक आणि डेल्टा फिकी, मीरात बघावं तर डेल्टा सर्वात उठून दिसते. कारण चमक खोल आत आहे आणि तिच्यावर टायटॅनियम ऑक्साइडचा तोच पडदा आहे, तो ज्या रेषांवर जाड पडतो त्या दबतात, डेल्टा रेषा मोकळ्या फटीतून बाहेर येते. अवरक्तातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा तर एका विशिष्ट काळात दुहेरीच होतात, एक जोडी वर येणाऱ्या वायूची आणि एक खाली पडणाऱ्या, एकाच वेळी. तारा श्वास घेतो हे आपण सहज बोलून जातो, इथे तो श्वास वेगासकट मोजता येतो.

हे आघात तरंग वातावरणाला वर उचलून धरतात, तिथे धूळ तयार होते, धुळीला प्रकाश ढकलतो, आणि वायू कायमचा निसटतो. मीरा दर वर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण एक कोटीवा भाग असा गमावतो. आणि तो आकाशगंगेतल्या वायूमधून सेकंदाला १३० किलोमीटर वेगाने चाललाय, त्यामुळे निसटलेला वायू मागे राहतो. गॅलेक्स या उपग्रहाने अतिनील प्रकाशात ही शेपूट टिपली, २००७ मध्ये ते जाहीर झालं, लांबी १३ प्रकाशवर्षं, गेल्या ३०,००० वर्षांतला ऐवज त्यात पसरलेला. चारशे वर्षं लोक या ताऱ्याकडे डोळे लावून बसले होते आणि एवढी मोठी शेपूट कोणाला माहीत नव्हती, कारण त्या रंगात कोणी बघितलंच नव्हतं. मी ती पहिली प्रतिमा बघितली तेव्हा बराच वेळ काही बोललो नव्हतो.

शेजारी एक सोबती तारा आहे, मीरा बी, मुख्य ताऱ्यापासून जेमतेम अर्ध्या सेकंदकोनावर (सेकंदकोन म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), १९२३ मध्ये एटकिनने तो दुर्बिणीतून वेगळा बघितला. तो बहुधा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा घट्ट गाभा, आहे आणि मीरातून निसटलेला वायू थोडा थोडा ओढून घेतो. तुम्हा-आम्हाला तो वेगळा दिसणार नाही, पण मीरा किमान तेजाला असतो तेव्हा या सोबत्याचा उजेड त्यात मिसळलेला असतो, त्यामुळे तळाचे आकडे निव्वळ मीराचे नसतात एवढं ध्यानात असू द्या.

आता निरीक्षण कसं करायचं, कारण तुम्ही शेवटी तेच विचारलंय.

जागा पक्की करा. मेनकार म्हणजे अल्फा सेटी, २.५ प्रत, तिथून गॅमा सेटी ३.५, मग डेल्टा ४.१, आणि डेल्टावरून नैर्ऋत्येला सहा अंश उतरलं की मीरा. हेच तीन तारे तुलनेलाही लागतात. मीरा गॅमापेक्षा मंद आणि डेल्टापेक्षा तेजस्वी वाटला, आणि गॅमाच्या जवळ एक तृतीयांशावर वाटला, तर नोंद ३.७. बस, पद्धत एवढीच आहे. आर्गेलांडरने १८४४ मध्ये हौशी लोकांना रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणं करायला आवाहन केलं तेव्हाही सांगायचं तत्त्व हेच होतं, की डोळ्याला निव्वळ तेज सांगता येत नाही पण दोघांमधला फरक फार बारीक कळतो. तारा मंद झाला की अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्सचा तक्ता, म्हणजे तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती लिहिलेला नकाशा, घ्या, १९११ पासून ही संस्था चालू आहे आणि तक्ते फुकट मिळतात. त्यात दशांश चिन्ह छापत नाहीत, ताऱ्याशेजारी ८७ लिहिलं असेल तर ते ८.७. नवीन माणूस इथे हमखास अडखळतो.

लाल ताऱ्याकडे टक लावून बघू नका. जितका वेळ बघाल तितका तो तेजस्वी होत गेल्यासारखा वाटतो, डोळ्यातल्या वेगवेगळ्या पेशींची लाल रंगाला दाद वेगळी असते म्हणून. झटकन नजर टाका, तुलनेच्या ताऱ्याकडे वळा, परत या, असं दोन-तीनदा करून आकडा ठरवा. काही लोक बायनॉक्युलर जरा आऊट ऑफ फोकस करून गोळ्यांची तुलना करतात, तेही चांगलं. त्यातून मीरा लाल, डेल्टा निळा, मेनकार परत लाल, त्यामुळे दोन निरीक्षकांच्या आकड्यांत ०.२-०.३ चा फरक येतोच, तो चूक समजून स्वतःचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याकडे ओढू नका. तुम्ही तुमच्याशी सातत्य ठेवलंत की वक्र नीट येतो.

आणि किमान तेजाच्या वेळी सांभाळा. मीराच्या अगदी जवळ नवव्या प्रतीच्या आसपासचा एक साधा तारा आहे. माझ्या सुरुवातीच्या एका सीझनला मी ओळीने पाच-सहा आठवडे त्यालाच मीरा समजून नोंदी करत होतो, वक्र सपाट येत होता, आणि मला वाटलं यंदाचं किमान तेज लांबलंय. एका रात्री चढत्या मीरामुळे तिथे दोन तारे दिसले तेव्हा कळलं. त्या सगळ्या नोंदी काढून टाकाव्या लागल्या, वाईट वाटलं. तुम्हाला बायनॉक्युलरमधून खात्री होईना म्हणालात, ते बहुधा याच ताऱ्यामुळे. तक्त्याचा मोठा स्केल घ्या, चार-पाच इंची दुर्बीण असेल तर ती लावा, आणि खात्री नसेल तर आकडा लिहूच नका, त्याऐवजी ज्या सर्वात मंद ताऱ्यापर्यंत पोचलात त्याची प्रत लिहून "याहून मंद" अशी नोंद करा. ती नोंदही कामाची असते.

दर रात्री बघायची गरज नाही, आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे, चढतीच्या काळात पाच दिवसांतून एकदा. बघायच्या आधी इतरांचे ताजे आकडे मुद्दाम उघडू नका, ते एकदा डोक्यात बसले की डोळा तेच बघतो, हे मी अनुभवी लोकांच्या बाबतीतही पाहिलंय.

हे सगळं करून उपयोग काय असं कोणी विचारलं तर त्याला आर हायड्रीचा वक्र दाखवा. तो मीराच्याच जातीचा, १७०० च्या सुमाराला त्याचं आवर्तन ४९५ दिवसांच्या आसपास होतं, आता ते ३८५ च्या आसपास आलंय. ताऱ्याच्या आत खोलवर काहीतरी बदललं आणि ते बाहेर घड्याळातून दिसलं. हा बदल कुठल्याही एका उपग्रहाला दिसला नसता, तो दिसला कारण तीनशे वर्षं कोणी ना कोणी वहीत आकडा लिहीत होतं. मीराचं स्वतःचं आवर्तन मात्र या काळात ३३२ च्या आसपासच टिकून आहे. या जातीच्या ताऱ्यांत आवर्तनकाल आणि अवरक्तातलं तेज यांचं नातंही आहे, मोठ्या मॅगेलन मेघातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्या एका लहान दीर्घिकेतल्या, ताऱ्यांवरून १९८१ मध्ये ते दाखवलं गेलं, त्यामुळे यांच्यावरून अंतरं काढता येतात. ते नातं अवरक्तात घट्ट आहे आणि दृश्य प्रकाशात विस्कटलेलं, कारण वर सांगितला तो पडदा.

मित्राच्या कॅमेऱ्याचं म्हणाल तर तो टाकून द्यायची गरज नाही. व्ही फोटोमेट्रिक फिल्टर, म्हणजे साधारण डोळ्याला दिसतो तोच हिरवा-पिवळा प्रकाश आत सोडणारी काच, लावा, तारा थोडा डिफोकस करा म्हणजे सेन्सर भरून वाहणार नाही, आणि तुलनेचे तारे त्याच फ्रेममधले घ्या. साधा डीएसएलआर असेल तर रॉ फाइलमधला फक्त हिरवा चॅनेल मोजा. मग एकदा गंमत म्हणून त्याच रात्री फिल्टर काढूनही एक फ्रेम घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवा, आवर्तनभर असं केलंत तर किमान तेजाकडे जाताना दोन आकड्यांमधली दरी वाढत जाताना दिसेल आणि चढताना मिटत येताना. ती दरी मुख्यतः टायटॅनियम ऑक्साइडची आणि अवरक्ताकडे सरकलेल्या प्रकाशाची, आणि ती तुम्ही स्वतः मोजलेली असेल. फ्रेम काढल्या की आकडे तारीख-वेळेसकट पाठवा, मी माझ्या डोळ्यांच्या नोंदींशी लावून बघतो.